लिटरबिनपाशी घरचा कचरा आणून टाकतात, तिथे नक्की काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. चौकात महापालिकेने हिरव्या-निळ्या डब्यांची जोडी बसवली, काही महिन्यांत तिथे उकिरडा झाला, आता निम्म्या सोसायट्या म्हणतायत कॅमेरा लावा आणि दंड करा, निम्म्या म्हणतायत ते लिटरबिनच उचलून न्या, आणि तुम्ही विचारताय की दोन्हीतलं कुठलं बरोबर. मी घनकचरा विभागात आरोग्य निरीक्षक म्हणून बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे सरळच सांगतो, या दोन्ही गोष्टी नंतरच्या आहेत. आधी तो कचरा कोणाचा आहे आणि त्याची घंटागाडी का चुकतेय हे शोधायचं. ते न करता डबा काढलात तर ढीग समोरच्या विजेच्या डीपीच्या आडोशाला जाईल, कॅमेरा लावलात तर कॅमेऱ्याच्या मागे जाईल, आणि तुम्ही परत अर्ज लिहीत बसाल.

त्या डब्याची ताकद मुळात किती ते बघा. एकेक डबा साधारण ४० ते ६० लिटरचा. येता-जाता माणसाच्या हातात जे असतं, म्हणजे चहाचा कप, बिस्किटाचा पुडा, शेंगांची टरफलं, तेवढ्यासाठीच तो असतो. आणि आपल्या शहरांत माणशी रोज ४०० ते ५०० ग्रॅम कचरा होतो, म्हणजे चार माणसांच्या घरातून दोन किलोच्या आसपास, त्यात बराचसा ओला. अशी दहा-बारा घरं जरी तिथे पिशवी आणून टाकायला लागली तरी सकाळी आठच्या आत दोन्ही डबे तोंडापर्यंत भरतात, मग पुढचा माणूस पिशवी खाली टेकवतो, कुत्री ती फाडतात, आणि त्यानंतर येणाऱ्याला वाटतं की ही कचरा टाकायचीच जागा आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात संशोधकांनी यावर एक प्रयोग केला होता, २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गल्लीत लावलेल्या सायकलींच्या हँडलला जाहिरातीची चिठ्ठी अडकवली. भिंत स्वच्छ होती तेव्हा १०० पैकी ३३ जणांनी चिठ्ठी खाली टाकली, भिंतीवर रेघोट्या मारून ठेवल्यावर त्याच गल्लीत ६९ जणांनी टाकली. माणसं साधारण तशीच, फक्त जागा आधीच खराब झालेली दिसत होती. म्हणून ढीग दिवसभर तसाच ठेवून लोकांना लाज वाटेल अशी वाट बघणं सोडून द्या, उलट तो वाढतो.

आता कामाला सुरुवात कशी करायची ते सांगतो. आठवडाभर रोज चार वेळा त्या जागेचा फोटो काढा, सकाळी सहाला, दहाला, संध्याकाळी पाचला आणि रात्री अकराला. एकाच जागेवर उभं राहून, एकाच बाजूने. एका माणसावर टाकू नका, सकाळी फिरायला जाणारे काका, शाळेच्या बसला मुलांना सोडणारी आई, रात्री शतपावली करणारं कोणीतरी, असं वाटून घ्या. आठ दिवसांनी फोटो ओळीने लावले की ढीग कोणत्या वेळात वाढतो ते स्वच्छ दिसतं. सकाळी सहा ते दहात वाढत असेल तर तो जवळपासच्या घरांचा आणि ऑफिसला जाणाऱ्यांचा, दुपारी-संध्याकाळी वाढत असेल तर दुकानांचा, रात्री अकरा ते सहा वाढत असेल तर टपऱ्या, हातगाड्या, हॉटेलं, आणि ज्यांना आपला कचरा कोणाला दिसू द्यायचा नाही अशी मंडळी.

मग ढीग उघडून बघायचा. हे तुम्ही स्वतः करू नका, मुकादमाला किंवा निरीक्षकाला सोबत घ्या, जाड हातमोजे आणि चिमटा पाहिजे, कारण पिशवीत फुटलेली ट्यूबलाईट, इन्सुलिनच्या सुया, दाढीची पाती काहीही निघतं आणि दर वेळी ते आमच्या सफाई सेवकांच्याच हातात घुसतं. दहा-पंधरा पिशव्या उघडल्या तरी पुष्कळ कळतं. एकाच पिशवीत चार वेगवेगळ्या ब्रँडच्या दुधाच्या पिशव्या आणि चार प्रकारचा चहाचा चोथा निघाला की समजायचं, कामवाल्या मावशींनी चार घरांचा कचरा एकत्र आणलाय. जेवणाचे पार्सलचे डबे, मॅगीची रिकामी पाकिटं, कुठेही भाजीचं देठ नाही, म्हणजे पीजीतली किंवा फ्लॅट शेअर करून राहणारी मुलं. कापडाच्या चिंध्या आणि दोऱ्याची रिळं म्हणजे टेलर, केस म्हणजे सलून, कोंबडीची पिसं आणि आतडी म्हणजे चिकनवाला, शहाळी तर कोणाची ते विचारायलाच नको. कुरिअरच्या खोक्यावर नाव-पत्ता निघतो, तो निरीक्षकाने टिपून घ्यावा, पण तो फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, हे कळकळीने सांगतो. एकदा का माणसाची चारचौघांत बेअब्रू झाली की तो कचरा टाकणं थांबवत नाही, खोक्यावरचं लेबल फाडून टाकायला शिकतो, आणि वर शेजाऱ्याशी कायमचं वैर होतं. शिवाय खोकं त्याचं असलं तरी तिथे आणून टाकणारा दुसराच असू शकतो.

कचरा कोणाचा हे कळलं की प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, सगळ्यांना एकच नोटीस देऊन काही होत नाही.

घंटागाडी सकाळी साडेसात-आठला येते आणि दोन मिनिटं थांबते. पीजीतली मुलं तेव्हा झोपलेली, नवरा-बायको दोघं नोकरीला जाणारे असतील तर एकजण अंघोळीला आणि दुसरा डबे भरतोय. गाडी गेली की दिवसभर ओला कचरा घरात वास मारणार, मग निघताना ती पिशवी स्कूटरच्या हुकला अडकते आणि चौकात गाडी जरा स्लो करून डब्याच्या दिशेने भिरकावली जाते. अशा लोकांना स्वच्छतेवर भाषण देऊन उपयोग नसतो, त्यांना दुसरी वेळ पाहिजे. जिथे रात्री आठ-साडेआठला गाडीची एक जादा फेरी सुरू करून घेता आली, किंवा निदान इमारतीच्या पार्किंगमध्ये झाकणाचे दोन मोठे डबे ठेवून वॉचमनला ते सकाळी गाडीवर द्यायला सांगितलं, तिथे चौकातला घरगुती कचरा बघता बघता कमी झालेला मी पाहिलाय. पीजी चालवणाऱ्या मालकाला मात्र सरळ जबाबदार धरा, भाडं तो घेतो तर कचऱ्याची सोयही त्यानेच करायची.

कामवाल्या मावशींवर आवाज चढवणारे लोक बघितले की वाईट वाटतं. त्या बाईला चार घरांतून जाता जाता पिशवी हातात दिली जाते, ‘मावशी, एवढं टाकून द्या’, ओला-सुका कोणी वेगळं केलेलं नसतं, आणि तिच्या वेळेत गाडी कुठेच नसते. दंड करायचाच तर तिला करण्यात काय अर्थ आहे, ज्याने पिशवी दिली त्या घराशी बोलायला पाहिजे.

दुसरं कारण लोक उघड सांगत नाहीत. पॅड आणि डायपर. गाडीवर पुरुष असला, किंवा कचरा वेगळा करताना शेजारी उभे असले, की अनेक घरांतून ही पिशवी गाडीवर दिलीच जात नाही, ती रात्री काळ्या पिशवीत गुंडाळून चौकात येते. पुण्यात कचरावेचकांच्या स्वच्छ सहकारी संस्थेने यासाठी लाल ठिपक्याची मोहीम चालवली, पॅड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचं, वर लाल ठिपका काढायचा आणि वेगळं द्यायचं, म्हणजे घेणाऱ्याला न उघडता कळतं. २०१६ च्या घनकचरा नियमांतसुद्धा असा कचरा नीट गुंडाळून देणं घरावर बंधनकारक केलं होतं. तुमच्या भागातल्या बायकांच्या बैठकीत हा विषय एखाद्या ताईनेच काढावा, पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि रात्रीच्या त्या काळ्या पिशव्या बऱ्याच कमी होतात.

तिसरं, पैसे. घरोघर कचरा घेणाऱ्या कचरावेचकाला महिन्याचे ठरलेले पैसे द्यायचे असतात, पुण्यात ही पद्धत जुनी आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासूनची आणि तिच्यातूनच पुढे स्वच्छ संस्था उभी राहिली. काही घरं म्हणतात आम्ही टॅक्स भरतो, परत पैसे कशाला, आणि पिशवी घेऊन चौकात येतात. याच्यावर माझं मत पक्कं आहे. जी बाई रोज तीन मजले चढून तुमच्या दारातून कचरा नेते तिचे महिन्याचे पैसे बुडवून चौक घाण करणं याला माझ्याकडे दुसरा कुठलाच शब्द नाही, ती चोरी आहे. सोसायटीने हे पैसे मेंटेनन्समध्येच धरले की वाद मिटतो, घरटी मागायची वेळच येत नाही.

दुकानांचं गणित सोपं आहे पण तिथे ढिलाई होते. दुकान उघडतं दहाला, घंटागाडी येऊन गेलेली असते आठला, मग झाडून काढलेला कचरा, थर्माकोल, पुठ्ठे जवळच्या डब्यात. पुठ्ठा लगेच भंगारवाला नेतो, उरतं ते सगळं आपल्या वाटणीला. बाजारपेठेसाठी संध्याकाळची किंवा रात्रीची वेगळी फेरी लागतेच, त्याला पर्याय नाही. ही फेरी सुरू झाल्यावर प्रत्येक दुकानदाराला लेखी कळवायचं, गाडी अमुक वाजता येईल, स्वतःचा डबा ठेवा, आणि त्यानंतर कचरा सापडला तर पावती फाडायची. चिकन-मटणवाल्यांचा कचरा कधीही सामान्य गाडीत घालू नका, त्यांच्यासाठी वेगळी गाडी असते, नसेल तर मागून घ्या, कुत्र्यांच्या टोळ्या त्या चौकात का जमतात त्याचं उत्तर बहुतेक तिथेच असतं. मंगल कार्यालयं आणि हॉल जवळ असतील तर लक्षात ठेवा, परवाना नसलेल्या जागी शंभरपेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम असेल तर तीन कामाचे दिवस आधी महापालिकेला कळवायचं असं २०१६ च्या नियमांत होतं, कळवत जवळपास कोणीच नव्हतं, पण आता लागू असलेला नियम महापालिकेकडून घेऊन तुम्ही कार्यालयाच्या मॅनेजरला छापून दाखवलात तर तो दुसऱ्या दिवशी पत्रावळ्यांच्या गोण्या चौकात टाकायला कचरेल.

राडारोडा हा वेगळाच प्रकार. फ्लॅटचं बाथरूम फोडलं, कंत्राटदाराने मजुराला सांगितलं ‘टाकून ये’, आणि रात्री बारा वाजता छोटा हत्ती टेम्पो येऊन डब्याशेजारी फुटक्या टाईल्स, जुना कमोड आणि सिमेंटच्या गोण्या ओतून जातो. एकदा राडारोडा पडला की झाडूवाल्याला तो उचलताच येत नाही, कचरा दाबून भरणाऱ्या कॉम्पॅक्टर गाडीत तो घालत नाहीत, जेसीबी आणि डंपर मागवेपर्यंत आठवडा जातो, आणि तेवढ्यात त्याच्यावर बाकी सगळा कचरा चढतो. बांधकाम कचऱ्याचे नियम २०१६ पासून वेगळे आहेत, तो वेगळा ठेवायची आणि ठरलेल्या केंद्रावर पोचवायची जबाबदारी ज्याचं काम त्याची. माझा सल्ला असा की आजूबाजूच्या सगळ्या सोसायट्यांनी मिळून एक ठराव करावा, रिनोव्हेशनची परवानगी देतानाच डिपॉझिट घ्यायचं आणि राडारोडा केंद्रावर दिल्याची पावती दाखवली तरच परत करायचं. पावती बघितल्याशिवाय एक रुपया सोडायचा नाही. हे एवढं एक जरी केलंत तरी रात्रीचे टेम्पो पुष्कळ थांबतात, कारण बहुतेक वेळा तो टेम्पो बाहेरून आलेला नसतो, आपल्याच कोणाच्या तरी बाथरूमचा असतो.

आता त्या डब्याबद्दल. काढायचा की नाही? चौकात बसस्टॉप, चहाची टपरी, शाळेचं गेट असेल तर डबा ठेवा, पण जागा हलवा. गल्लीच्या तोंडाशी, दुचाकी स्लो होते त्या वळणावर, बंद दुकानाच्या किंवा कंपाउंडच्या भिंतीला टेकवून डबा कधी लावू नये. टपरीच्या काउंटरसमोर, जिथे सतत माणूस असतो आणि रात्री दिवा असतो तिथे लावा. तोंड अरुंद हवं, घरची पिशवी आत जाणारच नाही एवढं, मात्र नुसतं तोंड अरुंद करून भागत नाही, पिशवी बाहेर टेकवली जाते, म्हणून जागा आणि तोंड दोन्ही एकदमच बदलायचं. आणि हलवण्याआधी तिथल्या झाडूवाल्या ताईला विचारा, रोज तो डबा रिकामा ती करते, तिची बीट, म्हणजे झाडायचा ठरलेला भाग, कुठून सुरू होते, कंटेनर कुठे आहे, हे तिला माहीत असतं आणि बैठकीत तिला कोणी बोलवत नाही.

मोठे कंटेनर असतील तर ते काढणं चांगलंच, पण क्रम महत्त्वाचा. इंदूरचं नाव सगळे घेतात, २०१७ ते २०२३ स्वच्छ सर्वेक्षणात सलग पहिला नंबर, कुंडीमुक्त शहर वगैरे. तिथे कुंड्या काढल्या त्या घरोघरची गाडी नियमित झाल्यानंतर, आधी मोजक्या वॉर्डांत बसवून बघून मग शहरभर. आपल्याकडे सर्वेक्षणाची तारीख जवळ आली की आधी कंटेनर उचलतात आणि गाडीचं नंतर बघू म्हणतात, मग कंटेनरच्या जागी उघड्यावर ढीग, म्हणजे होतं त्यापेक्षा वाईट.

गाडीची वेळ बसली, दुकानांना कळवून झालं, की मग एक दिवस ठरवून जागा पूर्ण साफ करा. नुसता कचरा उचलून नाही, खालची माती खरवडून, पाण्याने धुऊन, जंतुनाशक पावडर मारून, भिंतीला चुना किंवा रंग लावून, कारण वास राहिला तर कुत्री परत येतात आणि कुत्र्यांमागून पिशव्या. दिवा बंद असेल तर विद्युत विभागाकडे त्याच आठवड्यात तक्रार टाका. बंगळुरूमध्ये नागरिकांच्या गटांनी असे बरेच चौक रंगवून, कुंड्या-बाकं ठेवून पालटले, ते उपयोगी आहे, फक्त झाडाच्या कुंड्या ठेवणार असाल तर पाणी कोण घालणार त्याचं नाव आधी ठरवा, वाळलेल्या कुंडीत दुसऱ्या दिवशी गुटख्याच्या पुड्या पडतात. बाक चांगलं, ज्येष्ठ मंडळी बसायला लागली की जागेला राखण मिळते. देवादिकांच्या फोटोंच्या टाईल्स मात्र लावू नका. काही दिवस लोक बिचकतात, मग कचरा दोन हात बाजूला पडतो आणि देवाचा फोटो उकिरड्याशेजारी राहतो, ते बघवत नाही.

साफ केल्यानंतरचे सहा-आठ आठवडे सगळ्यात नाजूक असतात. सकाळी साडेसहा ते नऊ आणि रात्री नऊ ते अकरा तिथे कोणीतरी उभं पाहिजे, महापालिकेचा माणूस एक आणि तुमच्यातले एक-दोन. बोलायचं शांतपणे. ‘काका, गाडी आता रात्री साडेआठलाही येते, हा ड्रायव्हरचा नंबर, उशीर झाला तर फोन करा.’ समोरचा म्हणणार, ‘एकट्या माझ्या पिशवीने काय होतंय?’ वाद घालू नका, पिशवी परत त्याच्या गाडीला लावून द्या आणि त्याची इमारत कुठली तेवढं विचारा. तेच तेच चेहरे तीन-चार वेळा दिसले की मग पावती. दंड करायचा अधिकार महापालिकेने नेमलेल्या माणसालाच आहे, तुम्ही कोणाची गाडी अडवू नका, चावी काढू नका, व्हिडिओ काढून धमकावू नका, त्यातून मारामाऱ्या झाल्यात. नागपूरला महापालिकेने माजी सैनिकांचं उपद्रव शोध पथक उभं केलं, मुंबईत क्लीनअप मार्शल नेमले होते, तुमच्याकडे असं पथक असेल तर क्षेत्रीय कार्यालयाकडे ठराविक वेळेसाठीच मागा, फोटोंवरून जी वेळ कळली तीच. दिवसा अकराला मार्शल उभा करून रात्रीचा कचरा थांबत नाही. दंड शंभर-दोनशेचा असला तरी चालतो, पण तो दर वेळी आणि ओळखीपाळखी न बघता झाला पाहिजे. नगरसेवकाचा फोन आला म्हणून एक पावती रद्द झाली की ती बातमी संध्याकाळपर्यंत चौकभर होते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

कॅमेऱ्याचं थोडक्यात सांगतो. रात्री नंबरप्लेट वाचता येईल असा कॅमेरा, चांगला उजेड, आणि रोज सकाळी फुटेज बघून नंबर निरीक्षकाला देणारा माणूस, ही तिन्ही असतील तरच पैसे घाला. तोंडाला स्कार्फ बांधलेली दुचाकी आणि पांढरा झालेला नंबर एवढंच दिसणार असेल तर तेच पैसे संध्याकाळच्या फेरीच्या पाठपुराव्याला आणि डब्यांना वापरा.

एक गोष्ट हमखास तपासा, तो चौक दोन प्रभागांच्या हद्दीवर आहे का. असेल तर निम्मं उत्तर तिथेच आहे. इकडचा मुकादम म्हणतो रस्त्याची ती बाजू त्यांची, तिकडचा म्हणतो डबा यांनी लावला, आणि ढीग दुपारपर्यंत पडून राहतो. दोन्ही निरीक्षकांना एकाच वेळी जागेवर बोलवा, नकाशा समोर ठेवा, आणि कोण उचलणार, किती वाजता, हे तिथल्या तिथे लिहून दोघांच्या सह्या घ्या.

सणांचं आधीच धरून चाला. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात गाद्या, मोडकी कपाटं, जुने पडदे बाहेर येतात, त्यासाठी एक ठरलेला दिवस आणि एक मोकळा टेम्पो मागून घ्या आणि पत्रकं आठ दिवस आधी वाटा. गणपतीत निर्माल्य कलश डब्यापासून लांब ठेवा, शेजारी ठेवला तर त्यात सगळंच पडतं. आंब्याच्या दिवसांत पेट्या आणि त्यातलं गवत येतं, फळवाल्याशी मे महिन्याच्या आधी बोलून ठेवा.

उद्याच मुकादमाला भेटणार असाल तर एवढं विचारा: गाडी आपल्या गल्लीत नक्की किती वाजता येते आणि किती वेळ थांबते, गेल्या महिन्यात ती किती दिवस आलीच नाही, ड्रायव्हर सुट्टीवर असला की बदली कोण येतो, आणि आपल्या चौकातल्या कोणत्या दुकानांचा कचरा कोणीच नेत नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तो बहुतेक तोंडपाठ देईल, ते लगेच लिहून घ्या आणि क्षेत्रीय कार्यालयाच्या अर्जात फोटोंसोबत जोडा. फोटो काढायला सुरुवात केलीत की आठवड्याने मला कळवा, वेळा बघून कोणती फेरी मागायची ते मी सांगतो.